नवी वीण शिकताना: वर्ग कसा निवडावा आणि हात कशावर बसवावा

सुलट टाका आणि उलट टाका जमू लागला, एखादा मफलर विणून झाला, की बहुतेकांचे विणकाम तिथेच थांबते. पुढे काय विणायचे आहे हे मनात पक्के असते. जाळीची शाल, वेणीचा स्वेटर, पायात नेमके बसणारे मोजे हे सारे डोळ्यांसमोर असते. अडचण असते ती मधल्या पायऱ्यांची. मफलरवरून थेट स्वेटरवर उडी घेतली की पाठ कशीबशी विणून होते, बाह्यांपाशी हिशेब चुकतो आणि सुया खुपसलेला तो अर्धा स्वेटर पिशवीत घालून कपाटावर ठेवला जातो. गेली काही वर्षे मी पुण्यात घरीच दर शनिवारी दुपारी चार-पाच जणींना विणकाम शिकवते, आणि माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीच्या घरी अशी एक पिशवी असतेच. ती मधली वाट कशी चालावी, वर्गातून काय घ्यावे आणि घरी कोणत्या लहान वस्तूंवर हात बसवावा, एवढ्यापुरता हा लेख आहे.

माझे सांगणे एकच आहे. एका वस्तूत एकच नवी गोष्ट शिकावी, आणि ती वस्तू इतकी लहान असावी की आठवड्याभरात हातावेगळी व्हावी आणि उसवावी लागली तरी जीव हळहळू नये.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. घरात बाळ येणार असले की आजी, मावशी, आत्या बाळंतविडा विणायला घेत. टोपरे, मोजे, झबल्यावर घालायचा लहानसा स्वेटर, दुपटे एवढाच तो पसारा. पण त्यात काय नव्हते? टोपऱ्यात टाके कमी करत जाणे, मोज्यात टाच वळवणे, स्वेटरात काजे ठेवणे आणि गळ्याचे टाके उचलणे, दुपट्यात नमुन्याची ओळ न चुकता मोजणे. ज्या बायकांनी एकामागून एक असे चार बाळंतविडे विणले, त्यांना पुढे मोठा स्वेटर विणताना कोणाला काही विचारावे लागले नाही. हा क्रम जाणूनबुजून आखलेला नव्हता, तरी शिकण्याच्या दृष्टीने तो अगदी बरोबर होता आणि पुढे सांगितलेल्या वस्तू मी त्याच धाटणीच्या निवडल्या आहेत.

लोकर आणि सुया

शिकण्यासाठी लोकर फिक्या रंगाची, गुळगुळीत आणि नीट पीळ असलेली घ्यावी. काळ्या किंवा गर्द निळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, केसाळ लोकर उसवताना गुंतते आणि रंगीबेरंगी लोकरीत वेणी किंवा जाळी हरवून जाते. तुळशीबागेतल्या किंवा दादरच्या दुकानांत जे स्वस्त गुंडे मिळतात, ते बहुतेक अ‍ॅक्रिलिकचे असतात. सरावाला ते उत्तम आहेत, पण आपण काय विकत घेतले आहे ते ठाऊक असावे. दुकानदार लोकर म्हणतो ती खरी लोकर आहे की नाही याची शंका आली तर बोटभर धागा तोडून चिमट्यात धरावा आणि मोरीत नेऊन पेटवावा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख बोटांनी चुरता येते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. हा फरक शेवटी उपयोगी पडतो, कारण खरी लोकर भिजवून, ताणून, टाचण्या लावून वाळवली की तो आकार धरून ठेवते, तर अ‍ॅक्रिलिक नुसत्या पाण्याने फारसे बधत नाही आणि त्यावर गरम इस्त्री टेकवली तर वीण कायमची लुळी पडते. एका वस्तूला लागणारी सगळी लोकर एकदमच घ्यावी आणि प्रत्येक गुंड्याच्या वेष्टनावरचा लॉट क्रमांक सारखा असल्याची खात्री करावी. दुसऱ्या लॉटचा तोच रंग दुकानातल्या दिव्याखाली सारखा दिसतो, पण उन्हात नेल्यावर स्वेटरावर आडवा पट्टा उठून दिसतो.

सुयांच्या नंबरांविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण इथे माझी स्वतःची एक मोठी चूक झालेली आहे. आपल्याकडे पूर्वापार चालत आलेले नंबर ब्रिटिश पद्धतीचे आहेत. त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५, १२ नंबर म्हणजे २.७५. अमेरिकी पद्धत याच्या उलट चालते. तिथे नंबर वाढला की सुई जाड होते आणि त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. भाच्यासाठी मी एका अमेरिकी नमुन्यावरून स्वेटर विणायला घेतला आणि त्यातल्या ८ नंबरला आपली ८ नंबरची सुई समजून सगळी पाठ विणून काढली. टाके मोजून बरोबर होते, नमुना सुंदर दिसत होता आणि पाठ मात्र दोन वर्षे लहान असलेल्या मुलाच्या मापाची झाली होती. तेव्हापासून मी नंबरांकडे पाहतच नाही, मिलिमीटर पाहते. नव्याने शिकणाऱ्यांनीही पहिल्या दिवसापासून तीच सवय लावून घ्यावी.

सुरुवातीला ४ मिलिमीटरच्या बांबूच्या किंवा लाकडी सुया घ्याव्यात, कारण त्यांवरून टाके सहज घसरत नाहीत. पोनी कंपनीच्या करड्या अ‍ॅल्युमिनियमच्या सुया स्वस्त, टिकाऊ आणि जवळजवळ प्रत्येक गावात मिळणाऱ्या आहेत. हात थोडा स्थिरावला की त्या वापराव्यात. याखेरीज एक क्रोशाची सुई, टोक बोथट असलेली मोठ्या नेढ्याची सुई, मोजपट्टी आणि टाक्यांवर खूण करायला चार-पाच सेफ्टी पिना पुरतात. शिकणाऱ्याने महागड्या सुयांचा संपूर्ण संच आधीच विकत घेऊ नये. कोणत्या जाडीच्या सुया आपण खरोखर वापरतो हे कळायला वर्ष जावे लागते.

वर्ग कशासाठी

आता मोबाइलवर सगळे पाहायला मिळते, मग वर्गाला कशाला जायचे, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. चित्रफीत आपल्याला दुसऱ्याचे हात दाखवते, पण आपल्या हातांकडे पाहत नाही. याचे एक उदाहरण देते. सुईवर टाका घोड्यावर बसल्यासारखा असतो. त्याचा एक पाय सुईच्या पुढच्या बाजूला आणि दुसरा मागच्या बाजूला असतो. आपल्या नेहमीच्या पद्धतीत उजवा पाय पुढे हवा. उलट टाका विणताना लोकर सुईभोवती विरुद्ध दिशेने फिरवली की पुढच्या ओळीत डावा पाय पुढे येतो, आणि तो टाका सवयीने विणला की त्याला पीळ बसतो. विणणारीला हे महिनोन् महिने कळत नाही. वीण जरा घट्ट आणि तिरकी येते एवढेच जाणवते. शिकवणारी व्यक्ती मात्र दोन ओळी पाहूनच सांगते की तुमची लोकर उलट बाजूने फिरते आहे. दुसरी अशीच चूक म्हणजे ओळीच्या सुरुवातीला लोकर सुईवरून मागे ओढली जाणे. त्यामुळे पहिला टाका दोन टाक्यांसारखा दिसतो, दोन्ही विणले जातात आणि २० टाक्यांचा मफलर हळूहळू २६ टाक्यांचा होतो. वर्गाची फी द्यायची ती अशा नजरेसाठी.

वर्ग निवडताना तीन-चार गोष्टी आधीच विचाराव्यात. एका वेळी किती जण असतात हे सर्वांत महत्त्वाचे. दोन तासांत सहा-सात जणांच्या हातांकडे नीट पाहता येते, वीस जणांच्या नाही. वर्गात कोणती वस्तू विणणार आणि तिच्यात नवे काय शिकवणार, हे शिकवणाऱ्याला एका वाक्यात सांगता आले पाहिजे. लोकर-सुया फीमध्ये आहेत की आपण आणायच्या, दोन वर्गांच्या मध्ये अडले तर विचारता येते का, आणि डावखुऱ्या व्यक्तीला शिकवण्याचा अनुभव आहे का, हेही विचारून घ्यावे. मी स्वतः शिकत असताना ज्या वर्गाला गेले होते, तिथे पहिल्याच दिवशी सर्वांना मोठ्या माणसाच्या स्वेटरचे टाके घालायला लावले. आम्ही अकरा जणी होतो, स्वेटर तिघींचे पूर्ण झाले आणि त्या तिघींना विणकाम आधीपासून येत होते. म्हणून वर्गात स्वेटर करून घेतो असे कोणी म्हटले तर नवशिक्यांनी थोडे थांबून विचार करावा.

शिकवणारी व्यक्ती लोकर उजव्या हातात धरते की डाव्या, यावरून अनेक जणी गोंधळतात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत आणि दोन्हींनी टाका अगदी सारखाच तयार होतो. तुमची एक पद्धत बसलेली असेल तर ती मोडायला लावणारा वर्ग टाळावा. मात्र पुढे दोन रंगांची वीण शिकायची असेल तर दोन्ही हातांत एकेक रंग धरता येणे फार सोयीचे ठरते, तेव्हा दुसरी पद्धत जमेल तेव्हा शिकून ठेवावी.

परगावी किंवा परदेशात राहणाऱ्यांना ऑनलाइन वर्गही चालतो, मात्र शिकवणाऱ्याचा कॅमेरा चेहऱ्यावर नव्हे तर हातांवर वरून लावलेला हवा, आणि आपलाही तसाच लावावा. ब्रिटन-अमेरिकेत अनेक ठिकाणच्या सार्वजनिक वाचनालयांत विणणाऱ्यांचे गट जमतात आणि नवख्यांना तिथे आनंदाने सामावून घेतात, म्हणून तिकडे असाल तर आधी जवळच्या वाचनालयात चौकशी करावी.

वर्गाला जाण्याआधी एक तयारी घरी करून जावी. ज्या लोकरीवर शिकायचे आहे तिचे ३० टाके घालून दहा-बारा ओळी विणून ठेवाव्यात आणि सुया तशाच घेऊन जावे, म्हणजे पहिली वीस मिनिटे टाके घालण्यात जात नाहीत. वहीत टिपणे लिहावीत ती नमुन्याची नव्हे, नमुना छापील मिळतोच. आपल्या हाताला काय सांगितले गेले ते लिहावे: ‘लोकर आधी पुढे, मग सुई’, ‘टाका उतरवताना सुई डावीकडून’. घरी आल्यावर त्याच दिवशी, निदान अर्धा तास, तेच पुन्हा विणावे. मधे आठवडा गेला की वर्गात अगदी सोपे वाटलेले हात विसरतात, आणि हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीच्या बाबतीत पाहिले आहे.

इंग्रजी नमुने वाचायला वर्गातच शिकून घ्यावे. ‘के’ म्हणजे सुलट, ‘पी’ म्हणजे उलट, ‘के टू टुगेदर’ म्हणजे दोन टाक्यांचा एक करणे, ‘वाय ओ’ म्हणजे सुईवर लोकरीचा एक जादा वेढा घेणे. एवढ्या चार खुणांवर निम्मे नमुने उलगडतात. आपल्याकडे ओळीला ‘सुई’ म्हणण्याची रीत आहे, म्हणून कोणी ‘चार सुया सुलट’ म्हटले तर त्याचा अर्थ चार ओळी असा घ्यावा.

पहिली वस्तू: कोपऱ्यापासून विणलेला चौकोन

सुती धाग्याचा हा चौकोन हात पुसायला, गरम भांड्याखाली ठेवायला कसाही वापरता येतो. त्यात टाके वाढवणे आणि कमी करणे एवढेच नवे आहे. ४ टाके घालून एक ओळ सुलट विणावी. पुढच्या प्रत्येक ओळीत दोन टाके सुलट, मग सुईवर एक वेढा आणि उरलेले सगळे टाके सुलट विणावेत. दर ओळीला एक टाका वाढतो आणि कडेला छिद्रांची नाजूक रांग तयार होते. ४४ टाके झाले की वळायचे. आता प्रत्येक ओळीत एक टाका सुलट, दोन टाक्यांचा एक, एक वेढा, पुन्हा दोन टाक्यांचा एक आणि उरलेले सुलट. दर ओळीला एक टाका कमी होतो. ४ टाके उरले की बंद करावेत. हा जुना, सर्वत्र विणला जाणारा नमुना आहे आणि मी तो पहिला देते त्याचे कारण असे की इथे वीण घट्ट झाली काय नि सैल झाली काय, चौकोन चौकोनच राहतो.

याच चौकोनाबरोबर निसटलेला टाका उचलायलाही शिकावे, तेही मुद्दाम टाका सोडून. बारा-पंधरा सेंटिमीटरचा एक वेगळा तुकडा एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा विणावा, मधला एक टाका सुईवरून उतरवावा आणि तो चार ओळी खाली घसरू द्यावा. टाक्याच्या जागी शिडी दिसू लागते: खाली एक मोकळे कडे आणि त्यावर चार आडव्या दांड्या. सुलट बाजू आपल्याकडे करून क्रोशाची सुई त्या कड्यात पुढून घालावी, सर्वांत खालची दांडी आकड्यात धरून कड्यातून पुढे ओढावी, की नवे कडे तयार होते. मग त्याच्या वरची दांडी, मग तिच्या वरची. चौथ्या दांडीनंतर कडे डाव्या सुईवर चढवावे, उजवा पाय पुढे ठेवून. पहिल्यांदा हे करताना श्वास रोखला जातो. पण टाका निसटला म्हणजे सगळे संपले ही भीती त्या पाच मिनिटांत जाते, आणि ती गेल्याशिवाय जाळी किंवा मोजे शिकण्यात अर्थ नाही. चौकोनात सगळ्या ओळी सुलट असल्यामुळे तिथे दांड्या आळीपाळीने पुढून आणि मागून ओढाव्या लागतात, एवढा फरक ध्यानात ठेवावा.

दुसरी वस्तू: टोपरे

टोपऱ्यात नव्या दोन गोष्टी आहेत, टाक्यांचे माप आणि गोल विणणे, म्हणून मी ते दोन आठवड्यांत विभागते. पहिल्या आठवड्यात फक्त माप. ३० टाके घालून साधारण १३ सेंटिमीटर उंच तुकडा विणावा, धुऊन वाळवावा आणि कडा सोडून मधल्या १० सेंटिमीटरांत किती टाके येतात ते मोजावे. हे टाळण्याकडे सगळ्यांचा कल असतो, म्हणून मी आकडे मांडून दाखवते. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो आणि टोपरे त्याहून थोडे लहान असले तरच ताणून नीट बसते. नमुन्यात ७२ टाके आहेत. १० सेंटिमीटरांत २२ टाके येत असतील तर घेर जवळजवळ ३३ सेंटिमीटर होतो आणि टोपरे बसते. तुमचा हात सैल असून २० टाकेच येत असतील तर घेर ३६ होतो आणि टोपरे बाळाच्या डोळ्यांवर उतरते. घट्ट हाताने २४ आले तर ३० सेंटिमीटरच भरतात आणि बाळाच्या कपाळावर वळ उठतो. दहा सेंटिमीटरांत दोन टाक्यांचा फरक डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, टोपऱ्यात मात्र तो असा बाहेर पडतो. माप चुकले तर मुद्दाम घट्ट किंवा सैल विणू नये, सुई बदलावी.

दुसऱ्या आठवड्यात गोल विणणे. इतक्या लहान घेराला ४० सेंटिमीटरची वायरची सुई (वायरने जोडलेल्या दोन सुया) सुद्धा मोठी पडते, म्हणून दोन्ही टोके टोकदार असलेल्या पाच सुयांचा संच घ्यावा. चार सुयांवर १८-१८ टाके ठेवावेत आणि पाचवीने विणावे. टाके जोडण्याआधी सगळी कड आतल्या बाजूला सपाट आली आहे ना, हे टेबलावर ठेवून पाहावे, कारण एकदा पीळ पडून जोडले गेले की तो पुढे काढता येत नाही, उसवावेच लागते. २ सेंटिमीटर एक सुलट एक उलट अशी बॉर्डर विणावी. त्यानंतर सगळे सुलटच. गोल विणताना उलट ओळ येतच नाही, याचा शिकणाऱ्यांना फार आनंद होतो. एकूण उंची १० सेंटिमीटर झाली की ७ टाके सुलट आणि दोन टाक्यांचा एक असे फेरीभर करावे, पुढची फेरी साधी विणावी, मग ६ टाके आणि दोन टाक्यांचा एक, पुन्हा साधी फेरी, असे एकेक कमी करत जावे. शेवटी ८ टाके उरतात. लोकर तोडून ती त्यांतून ओवून आवळावी आणि आतून पक्की करावी.

तिसरी वस्तू: वेणीची कानपट्टी

वेणीची वीण, जिला वर्गात केबल म्हणतात, दिसायला अवघड आणि करायला सोपी असते. २० टाके घालावेत. दोन्ही कडांचे चार-चार टाके दोन्ही बाजूंनी सुलटच विणत राहावेत. त्यांच्या आत दोन-दोन टाके पुढच्या बाजूने उलट आणि मागच्या बाजूने सुलट, आणि मधले आठ टाके पुढच्या बाजूने सुलट आणि मागच्या बाजूने उलट. सहा ओळी झाल्यावर सातव्या ओळीत मधल्या आठांपैकी पहिले चार टाके न विणता एका जादा सुईवर घेऊन कामाच्या पुढे सोडावेत, पुढचे चार सुलट विणावेत आणि मग जादा सुईवरचे चार सुलट विणावेत. आठवी ओळ नेहमीसारखी. याच आठ ओळी पुन्हा पुन्हा विणायच्या. खास सुई नसेल तर केसांत खोवायचा आकडा यासाठी उत्तम चालतो, कारण त्याच्या बाकामुळे टाके घसरत नाहीत. चार टाके मागे सोडले की पीळ दुसऱ्या दिशेला जातो. वेणी वीण आत ओढून घेते, त्यामुळे तेवढ्याच टाक्यांची साधी पट्टी हिच्यापेक्षा रुंद होते. वेणीचा स्वेटर विणताना साध्या विणीचे माप चालत नाही ते यामुळेच. पट्टीची लांबी डोक्याच्या घेरापेक्षा ४-५ सेंटिमीटर कमी ठेवून टोके शिवावीत. नाशिककडच्या किंवा महाबळेश्वरच्या पहाटेला ही पट्टी पुरेशी उबदार होते.

जाळी

जाळीचे गणित एका ओळीत सांगता येते: जितके वेढे घ्यावेत तितकेच टाके कमी करावेत, म्हणजे संख्या कायम राहते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरची ‘ओल्ड शेल’ ही लाटांची वीण सुरुवातीला घ्यावी. ती १८ टाक्यांची आहे, म्हणून ३६ टाके घालून एक अरुंद स्कार्फ करता येतो. पहिली ओळ सुलट आणि दुसरी उलट. तिसऱ्या ओळीत तीन वेळा दोन टाक्यांचा एक, मग सहा वेळा एक वेढा आणि एक सुलट, मग पुन्हा तीन वेळा दोन टाक्यांचा एक. चौथी ओळ सुलट. चार ओळींपैकी एकाच ओळीत लक्ष द्यावे लागते. दर आठ ओळींनी नेढ्याच्या सुईत शिवणाचा वेगळ्या रंगाचा दोरा ओवून तो सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून काढून ठेवावा. पुढे चूक झाली तर निर्धास्तपणे त्या दोऱ्यापर्यंत उसवता येते. जाळीसाठी मात्र खरी लोकर किंवा सूत घ्यावे, कारण ही वीण सुईवर असताना चुरगळल्यासारखी दिसते आणि भिजवून, टाचण्या लावून, ताणून वाळवल्यावरच उमलते.

मोजा आणि टाच

शेवटी मोजा, आणि तोही बाळाचा, कारण मोठ्या माणसाच्या मोज्यात टाचेपर्यंत पोचायलाच आठवडा जातो. चौपदरी लोकर आणि २.७५ मिलिमीटरच्या पाच सुया घेऊन ३६ टाके घालावेत. १० सेंटिमीटरांत ३० टाके येत असतील तर घेर १२ सेंटिमीटर होतो आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तो बसतो. ५ सेंटिमीटर बॉर्डर विणल्यावर निम्मे, म्हणजे १८ टाके बाजूला थांबवावेत आणि उरलेल्या १८ टाक्यांवर पुढे-मागे १८ ओळी विणाव्यात, दर ओळीचा पहिला टाका न विणता उतरवून. हा झाला टाचेमागचा पडदा.

आता टाच वळवणे. पुढच्या बाजूने ११ टाके सुलट विणावेत, दोन टाक्यांचा एक करावा, आणखी एक सुलट विणावा आणि ओळ अर्धवट सोडून काम फिरवावे. मागच्या बाजूने पहिला टाका उतरवून ५ उलट, दोन टाक्यांचा एक उलट, आणखी एक उलट, आणि पुन्हा फिरवावे. आता दोन्ही टोकांना चार-चार टाके न विणलेले राहिले आहेत आणि जिथून काम फिरवले तिथे एक बारीक फट दिसते. यापुढे मोजण्याचे कारण नाही: पहिला टाका उतरवावा, फटीच्या अलीकडे एक टाका राहीपर्यंत विणावे, फटीच्या दोन्ही बाजूंचा एकेक टाका घेऊन दोघांचा एक करावा, आणखी एक विणावा, फिरवावे. दोन्हीकडचे टाके संपले की १२ टाके उरतात. सुया टेबलावर ठेवून पाहावे. इतका वेळ सपाट असलेल्या पट्टीला वाटीसारखा खोलगट आकार आलेला असतो, आणि तिच्यात अंगठा ठेवला की बाळाची टाच कुठे बसेल ते कळते. माझ्या वर्गात हा क्षण आला की सगळ्याजणी आपापले विणकाम थांबवून त्या मोज्याकडे पाहतात.

त्यानंतर पडद्याच्या दोन्ही कडांवरून ९-९ टाके उचलावेत, थांबवलेले १८ टाके पुन्हा कामात घ्यावेत आणि गोल विणू लागावे. एकूण ४८ टाके होतात. एका आड एका फेरीत, उचललेले टाके आणि थांबवलेले टाके जिथे भेटतात त्या दोन्ही जागी एकेक टाका कमी करत सहा वेळांत पुन्हा ३६ वर यावे. तळवा हव्या त्या लांबीला २ सेंटिमीटर कमी असेपर्यंत साधे विणावे, मग बोटांकडे एका आड एका फेरीत चार-चार टाके कमी करत १६ उरले की लोकर ओवून आवळावी. हा आवळलेला भाग आतून गुळगुळीत आहे ना, हे बोट घालून पाहावे, आणि आतल्या बाजूला लोकरीचे एकही लांब टोक राहू देऊ नये, कारण बाळाचे बोट त्यात अडकते.

दुसऱ्या मोज्याचे टाके त्याच बैठकीत घालून ठेवावेत आणि पहिल्या मोज्याच्या ओळींची संख्या वहीत लिहून ठेवावी. चार दिवसांनी बसलात तर आपण पडदा अठरा ओळींचा केला होता की वीस ओळींचा, हे आठवत नाही.